दोरीचा ठणठणाट

रविवारी सकाळी साडेसात वाजता मागच्या अंगणात मी होते आणि कुंपणापलीकडे शेजारचे भाऊजी. माझ्या हातात टोकांना उलटं वळलेलं धनुष्य, समोर भिंतीला टेकवलेला पेंढ्याचा भारा.

"वहिनी, बाण सोडताय की तवे आपटताय? झोपमोड होते. बंद करा हे."

बंद मी करणार नव्हते. पण दोरी ठणठणत होती, हे खरं होतं. धनुष्याच्या मुठीपासून दोरीपर्यंतचं अंतर मोजलं, ते आठ इंच भरलं. दोरी उतरवून तिला वीस पीळ जास्त दिले, तशी ती आखडली आणि परत चढवल्यावर अंतर साडेआठ झालं. मग दोरीवर वर आणि खाली लोकरीचा एकेक गोंडा बांधला. पुढच्या बाणाचा फक्त पेंढ्यात घुसल्याचा आवाज आला.

ठणठणाट म्हणजे बाणाबरोबर न जाता दोरीत उरलेला जोर. या घरात सत्तावीस वर्षं मी तावातावाने भांडले. त्यातलाही बराच जोर असाच मागे थरथरत राहिला असेल. त्याची मला लाज वाटत नाही. यापुढे मात्र तो सगळा मला निशाण्यावर हवा आहे.

पुढच्या रविवारी भाऊजी पुन्हा कुंपणाशी आले. "आवाज गेला हो. पण वहिनी, चौपन्नाव्या वर्षी बाईमाणसाला हे शोभतं का?"

म्हणजे तक्रार आवाजाची नव्हतीच. पूर्वी मी अर्धा तास वाद घातला असता.

"सहा झाले, सहा राहिलेत," मी म्हणाले आणि सातवा बाण दोरीला लावला.