पुसून घ्या

शालिग्राम चोपन्न वर्षांचा झाला तरी रिसोडच्या बाजारात त्याला अजून ‘कम्प्युटरवाले सर’ म्हणतात, आणि ते म्हणताना थोडं हसतात. क्लास बंद पडून दोन वर्षं झाली. पोरंपोरी मोबाइल खिशात घेऊन फिरू लागली, मग टायपिंग शिकायला येतंय कोण? तेव्हापासून हा गृहस्थ घरी बसून पुस्तक लिहीत होता. पुस्तकही कसलं? सर्व्हरवर लिनक्स कसं बसवायचं याचं. कम्प्युटर चालवणारं ते सॉफ्टवेअर फुकट मिळतं, जुन्या मशीनवर चालतं, आणि गावच्या शाळेलाही स्वतःचा सर्व्हर ठेवता येतो. आणि सगळं वऱ्हाडीत! इंग्रजी वाचून ज्यांच्या छातीत धडकी भरते, त्यांच्यासाठी.

चहाच्या टपरीवर तर रोजची करमणूक होती. ‘शालिग्राम लिवून राह्यला, पन त्याच्या कम्प्युटरले तरी वऱ्हाडी येते का?’ घरी बायको, सोजरबाईही सोडत नसे. ‘लोकं गणपती बसवते, घट बसवते. तुमी दोन वर्षांपासून हे काय बसवून राह्यले?’

‘तुले समजलं ना वाक्य? मंग झालं,’ एखादं वाक्य तिला वाचून दाखवत तो म्हणायचा, आणि पुढे लिहायचा.

दोन वर्षांत चाळीस पानं झाली. मग नशीब म्हणा की काय म्हणा, शिरपूरच्या बाजूची एक शिक्षणसंस्था पुस्तक तपासून पाहायला तयार झाली. नाव सांगून कशाला कोणाची अब्रू काढायची? सचिव म्हणाले, ‘आमच्या क्लार्कबाईनं तुमाले फोन न करता, निस्तं वाचून सर्व्हर बसवला, तर संस्थेच्या अकराही शाळांत तुमचं पुस्तक लावतो. शिकवाले तुमीच.’ शालिग्राम त्या दिवशी एसटीत उभ्यानं आला, तरी त्याला बसल्यासारखंच वाटलं. आता सगळं त्या एका मशीनवर होतं.

सोमवारी दुपारी सुकेशनीचा, म्हणजे त्या क्लार्कबाईचा, फोन आला. आवाज आनंदी.

‘सर, बसला! एका ठिकानीबी अडकली नाई. कागदात लिवलं तसंच केलं. आधी दोन्ही डिस्का पुसल्या, मंगच पुढं सरकली.’

‘पुसल्या म्हंजे? कोनाले पुसलं?’

‘कोनाले कायले? डिस्का पुसल्या. साफ.’

शालिग्रामनं समोरचं पान उघडलं. त्याच्याच हातचं वाक्य होतं : ‘दोन डिस्का दिसल्या तर आधी पुसून घ्या, मंगच पुढं सरका.’ पुसून घ्या, म्हणजे विचारून घ्या. मशीन ज्याच्या ताब्यात असेल त्याला. जन्मभर तो असंच बोलत आला होता, बापही असंच बोलायचा.

‘सुकेशनीताई, कोनत्या डिस्कीत काय हाये हे कोनाले ठाऊक होतं?’

‘रेणू मॅडमले. थांबा.’ तिनं हाक मारून विचारलं आणि परत फोनवर आली. ‘त्यायनं शनिवारी पयलीवरचं सारं दुसरीवर काढून ठेवलं म्हनते.’ रेणू मॅडम शेजारच्याच खोलीत बसत. ‘वीस वर्षांचे दाखले, पोरायचे फोटो... सर, मले नव्हतं ना ठाऊक.’

‘अवो, त्यायलेच पुसा म्हनलं होतं मी!’

मग ती हळूच म्हणाली, ‘सर, तुमी तोंडानं सांगतलं असतं तर पुसलंच असतं मी. पन छापील कागदावर वऱ्हाडी राह्यते का कुठं? पुस्तकात पुसनं म्हंजे पुसनंच.’

शालिग्राम आठ दिवस शिरपूरला जाऊन डिस्का खरवडत बसला. हाती लागले अर्धवट फोटो : कोणाचं कपाळ, कोणाची वेणी, नाव एकाचंही नाही. सचिव रागावलेसुद्धा नाहीत, ते रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, ‘भाऊ, आमी इंग्रजीवालं पुस्तक लावतो. समजत नाई, पन समजलं असं तरी वाटत नाई.’

घरी येऊन शालिग्रामनं ‘पुसून’ खोडून ‘विचारून’ लिहिलं. मग नजर पुढच्या ओळीवर गेली. ‘पेन ड्राइव्ह काढा.’ काढा म्हणजे बाहेर काढा, की पिशवीतून काढून लावा? ‘मशीन लावा.’ लावा म्हणजे चालू करा, की बंद करून ठेवा? नवव्या पानापर्यंत त्याचा स्वतःच्या एकाही शब्दावर भरवसा उरला नाही. त्यानं फाइल मिटली.

महिन्याभरानं किन्हीराजाहून फोन आला. प्रसेनजित नावाचा शिक्षक होता.

‘सर, तुमचं सर्व्हरचं पुस्तक आपल्या बोलीत हाये म्हनते. इंग्रजीवालं तीनदा वाचलं, मले झेपत नाई. पाठवता का?’

हाच तो माणूस. दोन वर्षं ज्याच्यासाठी लिहिलं, तो हाच. शालिग्राम उठून दारापर्यंत गेला, परत आला.

‘ते इंग्रजीतलंच चांगलं आहे,’ तो शुद्ध, कोरड्या मराठीत म्हणाला. ‘तेच पुन्हा वाचा.’

‘कोन होतं?’ आतून सोजरबाईनं विचारलं.

‘राँग नंबर.’