रिसेप्शनमधली लाल साय

आमच्या ऑफिसातल्या टाकीचे किस्से मी इतक्यांदा सांगितलेत, की आता "आमच्या रिसेप्शनला टाकी होती ना" एवढं म्हटलं तरी नवरा उठून झाडांना पाणी घालायला जातो. कुजतील एक दिवस ती झाडं! पण मी तरी काय करू? सॉफ्टवेअर कंपनीत एवढी माणसं दिवसभर एका छताखाली कोंडली की किस्से साचतातच, आणि आमच्याकडे तर भरीला समुद्र होता.

झालं असं, की आमचे साहेब अमेरिकेत राहून आलेले. पुण्यात तेव्हा, दोन हजार सालाच्या सुमारास, उठेल तो कंपनी काढत होता आणि प्रत्येकाच्या रिसेप्शनला तोच तो प्लॅस्टिकचा धबधबा. साहेब म्हणाले, "आपण समुद्र आणू!" मग खाऱ्या पाण्याची मोठी टाकी आली, त्यात जिवंत प्रवाळ आले आणि नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची माशांची एक जोडी आली. सांभाळायचं काम आलं ॲडमिनच्या कांबळे मॅडमकडे.

मॅडम खडकीच्या. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात, त्यामुळे शिस्त घरातूनच आलेली. बोलणं मोजकं, पण बरोबर जागी लागणारं. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "सर, मला मासे तळता येतात. पाळायचं मी बघते." दोन महिन्यांत बाई रविवारीसुद्धा टाकीपाशी! त्या दिसल्या की मासे काचेशी येऊन नाचायचे. फार जीव लावला होता त्यांनी.

*

एक दिवस टाकीतल्या वाळूवर लाल थर दिसला. तापवलेल्या दुधावर साय धरते ना, तसा, फक्त गडद लाल. साहेब खूश! आल्यागेल्याला दाखवत सुटले, "बघा, प्रवाळ कसं पसरतंय!"

मॅडमनी आठवडाभर ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सर, ते प्रवाळ नाही. बॅक्टेरिया आहेत. घाण साचली की येतात."

साहेबांनी काचेला नाक लावून थर पुन्हा निरखला. मग म्हणाले, "पण रंग आपल्या लोगोचा आहे हो!"

*

साय वाढत वाढत प्रवाळांवर चढायला लागली तेव्हा साहेबांचंही धाबं दणाणलं. पाणी बदलायचं ठरलं. आता हे पाणी आपणच तयार करायचं, म्हणजे गाळलेल्या पाण्यात खास समुद्री मीठ कालवायचं, आणि ते मीठ यायचं परदेशातून. त्याचं बिल अकाउंट्सच्या बापटांकडे गेलं.

बापट बिल हातात धरून थेट रिसेप्शनला आले. "मॅडम, मिठासाठी आपल्या लोकांनी लाठ्या खाल्ल्या. आणि तुम्ही मीठ इम्पोर्ट करताय?"

*

ती साय नळीने ओढून काढावी लागते. नळीचं एक टोक टाकीत, दुसरं तोंडात, आणि पाणी आलं की चटकन बादलीत सोडायचं. मॅडमचा एकदा अंदाज चुकला आणि तोंडभर पाणी आत गेलं. आमचे प्रोजेक्ट मॅनेजर रत्नपारखी नेमके तिथे उभे. त्यांना कुठे काय विचारावं हे कधी कळलंच नाही!

"कशी आहे हो चव?"

मॅडमनी चूळ भरली, तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "कँटीनच्या आमटीपेक्षा मीठ कमी आहे."

*

एवढं करूनही साय चार दिवसांत परत हजर! मॅडमना संशय आला, की कोणीतरी माशांना जास्त खायला घालतंय, आणि उरलेलं खाली कुजतंय. चौकशी केली तर काय, सगळेच घालत होते! सिक्युरिटीवाले घालायचे, रिसेप्शनची मुलगी घालायची, मीही घालायचे. मासा काचेशी येऊन तोंड उघडायचा, मग वाटायचं, उपाशी आहे बिचारा.

मॅडम भडकल्या. "अहो, घरी आलेल्याला तुम्ही पाणी विचारत नाही, आणि पाण्यातल्याला तीन-तीनदा जेवायला वाढता!"

सगळे खाली माना घालून उभे. फक्त बापट ताठ. "मी काही जेवायला वाढलेलं नाही. मी साबुदाणा टाकला. एकादशीचा."

*

तेवढ्यात अमेरिकेचा क्लायंट येणार असं कळलं. साहेबांनी बजावलं, "सोमवारपर्यंत लाल दिसलं, तर टाकी जाणार." मॅडमचा चेहरा पडला. आता शेवटचा उपाय म्हणजे टाकी तीन दिवस पूर्ण अंधारात ठेवायची. उजेड नाही मिळाला की ही साय मरते. टाकीला काळी चादर गुंडाळली आणि सगळ्यांना ताकीद दिली, की कोणी हात लावायचा नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडम जेवून आल्या, तर चादरीतून एक माणूस अर्धा बाहेर! ओढून काढला, तर रत्नपारखी. हातात बॅटरी.

"काय करताय तुम्ही?"

"काही नाही, आत नीट अंधार पडलाय का ते बघत होतो."

*

चादर काढली. टाकी बरीच स्वच्छ झाली होती, पण खडकाच्या कडेला लाल पट्टा होताच. साहेबांनी तो बघितला आणि टाकी दिलेल्या दुकानाला फोन लावला. तासाभरात दोन माणसं बादल्या घेऊन हजर. मॅडम टाकीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे भरलेले मी आयुष्यात तेव्हाच पाहिले, आणि मलाही फार वाईट वाटलं.

"मॅडम, बाजूला व्हा," साहेब म्हणाले.

मॅडम वळून टाकीत बघत राहिल्या. खडकाशी वाकल्या. मग हळूच म्हणाल्या, "सर, आज नाही काढता येणार."

"का?"

"मॅटर्निटी लीव्ह."

साहेब वाकले, आम्ही सगळे वाकलो. खडकाखाली नारिंगी दाण्यांचा एवढासा ठिपका होता आणि एक मासा त्याला परांनी वारा घालत होता.

"आई किती करते बघा," साहेब एकदम हळवे झाले.

"ते वडील आहेत, सर. आई पलीकडे फिरतेय."

साहेबांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला. बादलीवाल्यांना चहा सांगितला आणि परत पाठवलं. मग मॅडमना खालच्या आवाजात विचारलं, "किती असते हो ही रजा?"

"कायद्याने तीन महिने," मॅडम म्हणाल्या. "पण सर, ही दर पंधरवड्याला बाळंत होते."