डाव्या बाजूचा दिवा

विजेचे मीटर तपासणारा माणूस निवृत्त होतो तो फक्त पगारापुरता. नजर काही निवृत्त होत नाही. आपल्या या तपासनीसांचं तसंच होतं. कचेरीत त्यांना सगळे 'सीलसाहेब' म्हणत, कारण मीटरचं सील कुणी नखाने जरी खरवडलेलं असलं तरी ते त्यांना जिन्यातूनच कळतं अशी ख्याती होती. ख्याती त्यांनी स्वतःच पसरवलेली असावी, पण खोटी नव्हती. "वीज कुणाला दिसत नाही, चोर मात्र दिसतो," हे त्यांचं वाक्य हाताखालच्या माणसांना पाठ होतं आणि बायकोला तर नकोसं होईपर्यंत पाठ होतं.

निवृत्तीनंतरचे पहिले महिने वाईट गेले. साहेब घरातल्याच मीटरसमोर खुर्ची टाकून बसत. सगळे दिवे बंद करायला लावत, फ्रिजची पिन काढत आणि तरीही आकडा पुढे सरकतो का ते बघत. शेवटी लेकीनेच तोड काढली. ती आणि जावई दोघंही नोकरीला जाणारे. नातीला दुपारी शाळेतून आणायचं काम तिने वडिलांना दिलं. रोज जुनी निळी गाडी काढायची, शाळेच्या फाटकाशी लावायची, नातीला मागच्या सीटवर बसवून पट्टा बांधायचा आणि घरी घेऊन यायचं. वाटेत ती पोर शाळेतली सगळी भांडणं सांगे आणि आजोबा त्यांचा निकाल लावत. हा एक तास म्हणजे त्यांचा दिवस होता. बाकीचा वेळ त्याची वाट बघण्यात जाई.

जावई एकदा सहज म्हणाला, "बाबा, शाळेची व्हॅन आता आमच्या गल्लीत यायला लागलीय, तुम्हाला कशाला रोजचा त्रास?" तेव्हा साहेबांच्या मनात पाल चुकचुकली. जावई तसा वाईट नव्हता. पण न विचारता जो आपला त्रास कमी करायला निघतो त्याच्यावर नजर ठेवावी, असं साहेबांचं मत होतं.

आता दिव्यांचं. गाडीच्या पुढच्या दोन्ही चाकांच्या मागे, पत्र्यावर, बोटभर लांबीचे पिवळे साइडचे दिवे होते. उन्हाने त्यांच्या काचा पांढुरक्या पडल्या होत्या आणि डावीकडच्या दिव्यात पाणी शिरून होल्डर गंजला होता. गॅरेजवाल्याकडे जायचा प्रश्नच नव्हता. गॅरेजवाला दिवा बदलायला घेतो आणि बिल इंजिनाचं लावतो, हे साहेबांनी पूर्वीच ठरवून टाकलेलं. त्यांनी सुट्या भागांच्या दुकानातून जोडी आणली, अंगणात जुनं पोतं अंथरलं आणि बायकोला स्क्रू ठेवायला वाटी घेऊन शेजारी बसवलं. बॅटरीची तार सोडवली, दोन स्क्रू काढले, जुनी काच उचकटली, होल्डर पाव फेरा फिरवून बाहेर ओढला, पॉलिश कागदाने घासला, नवा बल्ब, नवं रबर, नवी काच. "नीट बघून ठेव," ते बायकोला म्हणाले, कारण कुणीतरी बघतंय याशिवाय त्यांना काम करण्यात मजा येत नसे. बायकोने नीट बघितलं.

एक गोष्ट मात्र त्यांनी तिला सांगितली नाही. स्क्रू आवळून झाला की साहेब त्याच्या डोक्यावरची खाच नेहमी सरळ उभी आणून ठेवत. आयुष्यभर प्रत्येक मीटरच्या झाकणावर त्यांनी तसंच केलं होतं. उघडणारा माणूस परत आवळतो, पण खाच कशीही राहते. ही युक्ती त्यांनी कचेरीतही कुणाला सांगितली नव्हती.

काही आठवड्यांनी गाडी धुताना ते डाव्या दिव्यापाशी वाकले आणि तिथेच थबकले. एक खाच तिरकी होती, दुसरी चक्क आडवी. काच नवी कोरी, धूळही नाही. उजवीकडे जाऊन बघितलं तर तिथल्या दोन्ही खाचा शिपायासारख्या उभ्या. दिवा लावून पाहिला, लागला. म्हणजे कुणीतरी चांगला चालणारा दिवा काढून नेला होता आणि त्या जागी दुसरा चांगला चालणारा दिवा बसवला होता. घेऊन जाणारे चोर साहेबांनी पुष्कळ पाहिले होते; ठेवून जाणारा चोर त्यांना नवीन होता.

कुठेतरी पाणी मुरत होतं. त्यांनी खाचा पुन्हा उभ्या केल्या आणि पाळत ठेवली. महिना उलटायच्या आत त्या पुन्हा तिरक्या. पुन्हा डावीकडच्याच. हेही त्यांनी ताडलं: गाडी अंगणात उभी असते तेव्हा तिची डावी बाजू कुंपणाच्या भिंतीकडे असते, ओसरीवरून दिसत नाही. चोराला घराची माहिती आहे. आधी शेजारच्या दाढीवाल्यावर संशय गेला, कारण तो हल्ली साहेबांना बघून हसायचा. मग दुकानदारावर गेला. तो बिचारा तीन गल्ल्या पलीकडे. तो कशाला स्वतःचा माल फुकट बसवत फिरेल, एवढाही विचार साहेबांनी केला नाही. शेवटी संशय जावयापाशी येऊन थांबला आणि तिथे चांगला मुरला. आज दिवा, उद्या ब्रेक. एक दिवस गाडी रस्त्यात बंद पडणार आणि जावई म्हणणार, 'बघा बाबा, गाडी जुनी झाली.' मग व्हॅन.

आणि घरातलं माणूस फितूर असल्याशिवाय बाहेरच्याला हे जमत नाही. साहेब बायकोकडेही बारकाईने बघू लागले. इतकी वर्षं गाडीत बसली की डुलक्या काढणारी ही बाई हल्ली रोज शाळेपर्यंत सोबत येत होती. विणकामाची पिशवी मांडीवर, पण सुईला हात नाही. त्याऐवजी सगळ्या रस्ताभर तिची टकळी चालू. "अहो, तो सायकलवाला बघा, केवढा वाकून चालवतोय." "बघा ना, ती बाई पिशव्या घेऊन रस्त्यात उतरली." "पोरं चेंडू खेळतायत, बघा." आणि शाळा आली की "ती बघा आली आपली." साहेबांना वाटे, जावयानेच हिला हेरगिरीला बसवलंय. शिवाय "एकदा डोळे दाखवून या ना," ही भुणभुण होतीच. चष्मेवाला सगळ्यांकडे गिऱ्हाईक म्हणूनच बघतो, असं म्हणून ते उडवून लावत.

एका सकाळी ते दोघं बाजारातून गाडीने परत आले. जेवण झाल्यावर साहेबांनी मोठ्याने जांभई दिली, "जरा पडतो" म्हणाले आणि पाय न वाजवता अडगळीच्या खोलीत जाऊन उभे राहिले. त्या खोलीच्या खिडकीतून गाडीची डावी बाजू बरोबर दिसायची.

फार वेळ थांबावं लागलं नाही. बायको बाहेर आली. एका हातात स्क्रूड्रायव्हर, दुसऱ्या हातात सुईदोऱ्याचा डबा. तिने पोतं अंथरलं, डब्यातून नवा दिवा काढला आणि साहेब करत तसंच सगळं क्रमाने केलं. फुटलेल्या काचेचे तुकडे फडक्यात वेचून घेतले. मग डब्यातूनच एक छोटा ब्रश आणि रंगाची बाटली काढली, फाटकाच्या खांबापाशी गेली आणि त्याच्या कडेवरच्या निळ्या ओरखड्यावर पांढरा रंग लावायला लागली.

साहेब बाहेर आले तेव्हा ती पाठमोरीच होती.

"म्हणजे तूच," ते म्हणाले.

ब्रश तिच्या हातातून गळला. ती वळली.

"जावयाने सांगितलं ना तुला?"

"त्याला यातलं काही माहीत नाही."

"मग दिवा फोडतं कोण?"

"तुम्ही," ती म्हणाली. "आज सकाळी आत येताना खांबाला घासलंत. मी 'जपून' म्हणाले, तर तुम्ही म्हणालात, चाकाखाली दगड आला."

"खोटं."

हा शब्द त्यांनी जन्मभर लोकांच्या तोंडावर फेकला होता. त्यावर लोक रडत, ओरडत, देवाची शपथ घेत. बायकोने यातलं काही केलं नाही. तिने त्यांना हाताला धरून अंगणाच्या मधोमध उभं केलं. "समोर नळाकडे बघा. मान हलवायची नाही, डोळेही नाहीत." ती उजवीकडे गेली. "काय दिसतंय?"

"तू. हातात स्क्रूड्रायव्हर आहे."

ती डावीकडे गेली. "आता?"

"धर की मग."

"धरलाय."

साहेब नळाकडे बघत राहिले. नळ दिसत होता, बादली दिसत होती. डावीकडे अंधार नव्हता, धूसरही नव्हतं, काहीच नव्हतं. "धरलायस?" त्यांनी पुन्हा विचारलं आणि त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही. मान वळवली तर स्क्रूड्रायव्हर त्यांच्या गालापासून वीतभर अंतरावर होता.

ते पायरीवर बसले.

"कधीपासून?"

"दिवे बसवल्यावर एके दिवशी तुम्ही उठलात आणि डोकं जड आहे म्हणून दिवसभर पडून राहिलात ना, तेव्हापासून. ताट वाढलं की डावीकडचं तसंच राहायला लागलं. मग गाडी घासायला लागली."

"आणि तू ताकास तूर लागू दिली नाहीस." आता ते खरंच संतापले होते. "मागे पोर बसलेली असते गं."

"म्हणून तर पुढे मी बसत होते."

"आणि एखाद्या दिवशी तुला ताप आला असता तर?"

"आला होता," ती म्हणाली. "आले होते मी तशीच."

रस्त्यातला सायकलवाला, पिशव्यांची बाई, चेंडू खेळणारी पोरं, सगळी एकदम डोळ्यांसमोर आली. यातलं एकही माणूस त्यांनी स्वतः पाहिलेलं नव्हतं.

"तो एक तास गेला तर तुम्ही परत मीटरपुढे जाऊन बसाल, याची भीती वाटायची," बायको सांगत होती. आता तिला रडू आलं. "वाटायचं, मी आहे ना शेजारी, निभेल. पण चुकलंच माझं. पोरीच्या जिवाशी खेळले मी."

घरच्या अडचणी सांगणारे लोक साहेबांनी आयुष्यभर ऐकले होते आणि एकाचंही ऐकून घेतलं नव्हतं. आज ते नुसते बसून राहिले, कारण फटकारायचं कुणाला, हेच ठरेना. शाळा सुटायची वेळ होत आली होती. त्यांनी खिशातून गाडीची किल्ली काढली, बायकोच्या डब्यात टाकली आणि आत जाऊन जावयाला फोन लावला.

"व्हॅन सांगून टाका," ते म्हणाले.

"बाबा, माझ्या बोलण्याचा राग आला का? मी आपलं सहज—"

"राग नाही. मला डावीकडचं दिसत नाही. गाडी आपटतोय मी."

जावई म्हणाला, "मी आज लवकर निघतो. आपण लगेच डॉक्टरांकडे जाऊ. आणि नातीसाठी तुम्ही रोज आमच्याकडे या, मी न्यायला येईन." सवयीप्रमाणे साहेबांनी त्या आवाजात लबाडी कुठे आहे ते शोधलं. ती सापडली नाही. इतके दिवस या माणसाला त्यांनी मनातल्या मनात ब्रेक तोडताना पाहिलं होतं, हे आठवून त्यांना लाज वाटली.

दोघं बसने शाळेत गेले. बस थांब्यापासून फाटकापर्यंत बायको त्यांच्या डाव्या बाजूने चालली आणि या वेळी एक शब्दही बोलली नाही. नात फाटकाशीच उभी होती. धावत आली आणि इकडेतिकडे बघायला लागली.

"गाडी कुठंय?"

"गाडी आता नाही चालवायची," साहेब खाली वाकून म्हणाले. पोरीशी तरी सरळ बोलायचं, असं त्यांनी बसमध्ये ठरवलं होतं. "आजोबांना या बाजूचं दिसत नाही."

"थोडंसुद्धा नाही?"

"नाही."

तिने फाटकाकडे बघितलं. मग रस्त्याकडे, जिकडून गाडी यायची तिकडे. फाटक त्या रस्त्याच्या डाव्या हाताला होतं.

"मी रोज तिथे उभी राहून तुम्हाला हात करायचे," ती म्हणाली. "तुम्ही करायचाच नाहीत. आजीच करायची. मला वाटायचं, तुम्ही माझ्यावर रागावलाय. गाडीत बसल्यावर मग विचारायचं नाही, असं मी ठरवायचे."

त्यांनी तिचं दप्तर काढून आपल्या खांद्याला लावलं, तिला फिरवून उजव्या बाजूला आणलं आणि नीट समोरून बघितलं.

"आता कर," ते म्हणाले.

"इतक्या जवळून?"

"हो."

तिने हात केला. त्यांनीही केला.