बर्फाच्या पाण्याला दारं धरलं

२०१९ साल. मी अडुसष्ट वर्षांचा होतो. थोरला पोरगा फौजेतून सुटला आणि पेडगावला यायचं सोडून हिमाचलात बायकोच्या गावी शेती करत बसला. त्याला आणायला मी गेलो.

गाव म्हणजे नुसता दगड. व्याही हिंदीत सांगायचा, ही दरी बर्फानं कोरली, हे गोटेबी बर्फानंच वाहून आणले. लोकांनी ते वेचून बांध रचले, मधल्या मातीत वाटाणा लावला. वरच्या गवतावर मेंढ्या. दरीच्या टोकाला अजून बर्फ थिजलेला, त्याच्याच पाण्यावर सगळं. सांगायचा असा, जणू त्याच्या बापानंच दरी कोरली.

"आमची काळी माती पुरुषभर खोल हाय," मी म्हणलो.

"मग पोरगा इथं कशाला आला?" तो म्हणला.

एक दिवस पोराच्या रानाला पाण्याची पाळी आली. सकाळी पाटाला करंगळीएवढी धार. व्याही म्हणला, थांबा, दुपारी येईल. थांबायला मी काय जावई हाय? आमच्या कॅनॉलच्या शेपटाला जो थांबला त्याचं रान वाळलंच. वर गेलो, पाटातनं शेजाऱ्यांच्या रानात पाणी जायची दारं गोट्यांनी, चिखलानं बुजवली, आपलं सताड उघडलं आणि जेवायला आलो.

दुपारी उन्हानं वरचा बर्फ वितळला. सगळ्या गावाचं पाणी एकट्या पोराच्या रानात घुसलं. वाटाणा मातीसकट नदीत गेला.

गाव गोळा झालं. व्याही माझ्याकडं न बघता पोराला म्हणला, "बापाला घेऊन जा."

"चल रे," मी म्हणलो. "आता हितं राहिलंय काय?" खरं सांगतो, मला बरंच वाटलं होतं.

पोरगा गुडघाभर चिखलात उभा. "आबा, मी बांध घालायलोय. तुमी जावा."

"पेडगावचं रान कोण करील?"

"तुमचं हाय. तुमी करा."

सगळ्यांसमोर बोलला. सून खाली बघून गोटे वेचायला लागली.

सकाळी करंगळीएवढं आणि दुपारी पूर, असल्याला मी आजबी पाणी म्हणत न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेनं चहा आणला, घेतला न्हाई. पोरगा पिशवी धरायला आला, दिली न्हाई. सडकेला उतरलो आणि आली त्या बसला हात केला.