बाबांचा दमा आणि मंडळातले सात पंप

दम्याच्या उपचारांचा इतिहास मला वाचावा लागला नाही. तो बाबांच्या छातीतून गेलेला आहे. लहानपणी वैद्याने त्यांना धोतऱ्याच्या पानांचा धूर ओढायला लावला, म्हणजे धाप लागलेल्या पोराला जवळपास विडीच दिली. मग कित्येक कोजागिऱ्यांना चांदण्यात ठेवलेली औषधी खीर. तिने दमा गेला नाही, पण कुणी तक्रार केली नाही, कारण खीर चांगली असायची. पुढे गोळ्या आल्या. श्वास मोकळा व्हायचा आणि हात असा थरथरायचा की बाबा सही करायचे टाळत. शेवटी तोंडाने ओढायचा पंप, म्हणजे इनहेलर, आला. मात्रा अगदी थोडी, तीही थेट फुप्फुसात. इतक्या वर्षांत दुसरा त्रास न देता लागू पडलेले हे पहिले औषध, आणि नेमके तेच बाबांनी लपवले. पंप लागला म्हणजे माणूस संपला, असे आमच्याकडे नागपुरात मानतात.

यंदा ते आमच्याकडे परदेशात, स्वोर्ड्सला आले, तरी पंप बाथरूमची कडी लावूनच घेत.

“बाबा, इथे तुम्हाला ओळखतं कोण?”

“म्हणूनच. ओळख तरी चांगली होऊ दे.”

गणपतीला इथल्या मराठी मंडळाने शाळेचा हॉल घेतला होता. बाहेर पाऊस, म्हणून खिडक्या बंद. धुराचा अलार्म वाजू नये म्हणून कापूर कमी जाळायचा, असे ठरले होते. पण आरती रंगात आल्यावर ठरलेले कोण पाळतो? अलार्म वाजला नाही. बाबांची छाती वाजू लागली. त्यांना एक शब्द पुरा बोलता येईना, आणि पंप त्यांनी मुद्दाम घरी ठेवला होता. खिशात फुगवटा दिसतो म्हणून.

“निळा पंप आहे का कुणाकडे?” मी ओरडलो. निळा म्हणजे लागलेली धाप लगेच उतरवणारा.

पर्स उघडल्या, जाकिटांच्या चेन सरकल्या. पन्नासेक माणसांतून सात पंप पुढे आले. या मंडळात आम्हाला एकमेकांच्या गृहकर्जाचे व्याजदर पाठ आहेत. दमा मात्र कुणी कुणाला सांगितला नव्हता.

बाबांनी मान हलवून दाराकडे बोट केले. सगळ्यांसमोर नको. पण दारापर्यंत ते पोचले नसते, हे मला दिसत होते. कुणीतरी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. औषधांच्या कारखान्यात काम करणारी एक बाई आपला पंप घेऊन त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली.

“काका, लाजा नंतर. आधी श्वास सोडा. हं, आता ओढा.”

बाबांनी डोळे मिटून ओढला. थांबून पुन्हा ओढला. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत ओठांचा रंग परतला होता, आवाजही. त्यांनी सातही जणांकडे नीट पाहिले.

“एवढ्या जणांना आहे?”

“हो काका.”

“आणि लग्नं झाली तुमची?”

“झाली की,” ती म्हणाली. “आमच्याकडे तर दोघांनाही आहे. लग्नानंतर कळलं.”

बाबांनी थोडा विचार केला आणि सगळ्यांच्या देखत पंपासाठी स्वतःच हात पुढे केला.