मध्यंतरानंतर साहेब

वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत मी फुटबॉलला कधी पाय लावला नव्हता. पाहिला मात्र भरपूर होता. लहानपणी बऱ्हाणपुरात कोटाबाहेरच्या मैदानाशी, आणि पुढे नागपूरला शिकताना कॉलेजच्या मैदानामागे. 'येतोस का खेळायला?' असे कोणी विचारील, या भीतीने मी इतक्या अंतरावर उभा राहत असे की विचारणाऱ्याला ओरडूनच विचारावे लागले असते. आणि आजही कोणी विचारले नाही, म्हणून खट्टू होऊन घरी परतत असे. खेळाचे नियम मी ग्रंथालयातून पुस्तक आणून वाचले होते. ऑफसाइड म्हणजे काय, हे मला गावातल्या बऱ्याच खेळाडूंपेक्षा अधिक स्पष्ट होते. पण ते सांगायचे तर तोंड उघडावे लागले असते.

मग नवा मध्यप्रदेश झाला. नागपूर, जे आजवर आमच्या राजधानीचे गाव होते, ते एका रात्रीत दुसऱ्या राज्यात गेले आणि आम्ही भोपाळकडे तोंड करून बसलो. त्या वेळी मी बऱ्हाणपुरातल्या ज्या सरकारी कचेरीत कनिष्ठ कारकून होतो, तिच्यात चार प्रांतांची माणसे येऊन मिसळली. आम्ही स्थानिक लोक महाकोशलचे. लेखापाल मध्यभारतातून आलेले. एक निरीक्षक भोपाळचे. आणि सर्वांच्या वर जे साहेब आले, ते विंध्याकडच्या एका लहानशा संस्थानात वाढलेले. साहेबांना फुटबॉलचा षोक होता. तरुणपणी ते दरबारच्या संघातून खेळले होते. आल्या महिन्यातच त्यांनी जाहीर केले की चार ठिकाणची माणसे एकजीव व्हायची असतील तर ती एका मैदानावर घाम गाळूनच होतील.

घाम गाळण्यापूर्वी वादच पुष्कळ झाला. चारही प्रांतांचे फुटबॉल वेगळे होते, निदान प्रत्येकाचे तसे ठाम म्हणणे होते. लेखापाल म्हणत, आमच्याकडे चेंडू बाहेर गेला की जो आधी पोहोचेल त्याने फेकायचा. निरीक्षक म्हणत, आमच्याकडे मध्यंतराला सरबत असते, चहा नव्हे. मला नियमांचे ते पुस्तक जवळजवळ पाठ होते. मी खिडकीजवळ बसून माझ्या शिक्क्यांची शाई तपासत राहिलो.

सर्वांत अवघड प्रश्न जागांचा होता. तो अखेर ज्येष्ठतेने सुटला. साहेब सेंटर फॉरवर्ड. बडे बाबू, म्हणजे आमचे हेडक्लार्क, त्यांच्या शेजारी. मग पगार जसजसा उतरत जाई, तसतसा माणूस मागे सरके. राइट इनच्या, म्हणजे साहेबांच्या उजव्या हाताच्या जागेवर मात्र लेखापाल आणि निरीक्षक या दोघांनी हक्क सांगितला. विलीनीकरणात दोघांपैकी ज्येष्ठ कोण, याचा निकाल भोपाळहून यायचा होता. तोवर दोघेही त्याच जागेवर खेळत आणि एकमेकांना चेंडू देत नसत; दिला असता तर दुसऱ्याचा हक्क मान्य केल्यासारखे झाले असते.

मी कचेरीत सर्वांत कनिष्ठ. म्हणून गोलकीपर.

"तुला काय करायचं नाही," बडे बाबू मला म्हणाले. "चेंडू आला तर अडव. नाही आला तर उभा राहा. आणि बोलू नको."

या तिन्ही गोष्टी मला जमण्यासारख्या होत्या. त्या संध्याकाळी मी आईचा जुना राखी स्वेटर घालून दोन बांबूंच्या मध्ये उभा राहिलो तेव्हा मला जो आनंद झाला, तो सांगण्याची सोय नव्हती. कारण माझ्या सर्वांत जवळचा माणूस चाळीस हात पुढे होता आणि त्याची पाठ माझ्याकडे होती. आयुष्यात पहिल्यांदा मी मैदानाच्या आत होतो आणि तरी कोणाशी बोलावे लागत नव्हते. गोलकीपरची जागा माझ्यासारख्यांसाठीच कोणीतरी निर्माण केली असावी, असे मला वाटले.

या आनंदाला एक टाचणी होती. कचेरीतून एका कारकुनाची बदली बस्तरच्या बाजूला व्हायची होती आणि नाव साहेबांनी कळवायचे होते. बदली नेहमी खालून होते, आणि माझ्या खाली कोणीच नव्हते. घरी, इतवारा मोहल्ल्यात, आई एकटी. तिने स्वच्छ सांगून टाकले होते, "तुला जायचं तर जाय बापा. मी तापी सोडून कुठं येत नाही. आणि तुला भात तरी शिजवता येतो का?"

मला भात शिजवता येत नव्हता. पण खरे कारण ते नव्हते. तिला कमी दिसू लागले होते, आणि ते ती मान्य करीत नव्हती. मी गेलो असतो तर तिच्याजवळ कोणी उरले नसते. तेव्हा साहेबांच्या नजरेत न भरणे, ही माझी त्या दिवसांतली एकमेव आकांक्षा होती. ज्याचे नावच आठवत नाही, त्याची बदली तरी कोण करणार? वर्षभरात मी साहेबांशी एकही वाक्य बोललो नव्हतो. त्यांनी माझा भांग तेवढा पाहिला असावा.

अशात गावातल्या विणकर मंडळींच्या संघाशी आमचा सामना ठरला. ती मागावर काम करणारी माणसे. अनवाणी खेळत आणि वाऱ्यासारखी पळत. दापोऱ्याच्या एका बागाईतदाराने जिंकणाऱ्यांसाठी केळीचे दोन घड आणून मैदानाच्या कडेला ठेवले होते. गाव लोटले होते. पंच शाळेतले व्यायामशिक्षक. शिट्टी फुंकण्यापूर्वी ते एकवार साहेबांकडे पाहत.

सामना दुपार कलल्यावर सुरू झाला. पहिल्या डावात साहेब सूर्य पाठीशी घेऊन पूर्वेच्या गोलवर चालून जात होते. चालून जात होते, असेच म्हणायला हवे. मिळालेला प्रत्येक चेंडू आमचे लोक साहेबांकडे पोहोचवीत, साहेब तो थांबवून इस्त्रीची चड्डी सारखी करीत, आणि तेवढ्यात एखादा विणकर अदबीने तो घेऊन जाई. तरीही मध्यंतरापर्यंत गोल कोणाचाच झाला नाही. माझ्याकडे जे काही आले, ते मी अडवले. कोणाचे लक्ष नव्हते, याचे मला समाधान होते.

मध्यंतरात साहेबांसाठी खुर्ची आणि चहा होता. विणकरांची सुरुवात करण्याची पाळी होती आणि ते उतावीळ झाले होते. पंचांनी साहेबांकडे पाहिले, साहेबांनी कप उंचावला, त्याचा अर्थ पंचांनी 'सुरू करा' असा घेतला. आम्ही बाजू बदलल्या होत्या. मी आता पूर्वेच्या गोलात उभा होतो. चहा संपवून साहेब सावकाश मैदानात आले आणि मघाच्या त्याच जागी, म्हणजे माझ्या समोर, येऊन उभे राहिले. दोन पावले मागे बडे बाबू.

आमच्या फुलबॅकला गहिवरून आले. "साहेब बचावाला आले!" तो मला हळूच म्हणाला.

पुढच्याच क्षणी विणकरांचा चेंडू त्याच्या पायाशी आला आणि त्याने, सवयीने, तो साहेबांना दिला. आणि साहेब वळले. माझ्याकडे वळले.

त्या दिवशी साहेब पहिल्यांदा धावले. फुलबॅक बाजूला झाला. साहेबांच्या वाटेत कोण उभे राहणार? विणकर जागच्या जागी थांबले आणि त्यांच्यातल्या एकाने तोंडावर हात ठेवला. कडेने लोक ओरडू लागले, "उलटा! साहब, उलटा!" साहेबांनी तो जयजयकार समजून हात वर केला. बडे बाबूंना सगळे कळले होते, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला दिसत होते. पण ते साहेबांच्या मागून धावतच होते, कारण साहेब धावत होते.

त्या अवधीत माझ्या मनात पुष्कळ विचार आले, असे म्हणायला मला आवडले असते. प्रत्यक्षात एकच आला: बाजूला हो. गोल झाला तर तो साहेबांचा. अडवला तर मी नजरेत भरणार, आणि या आठवड्यात नजरेत भरणे म्हणजे बस्तर. मी बाजूला व्हायचे ठरवले. मग साहेबांनी खरोखर सुरेख फटका मारला, डाव्या बांबूच्या आतून जाणारा, आणि बाजूला होण्यासाठी मी जी उडी घेतली ती नेमकी डावीकडे होती. चेंडू माझ्या छातीवर आदळला आणि मी तो धरला.

त्या विणकराने तोंडावरचा हात काढला.

साहेब धापा टाकीत थांबले. त्यांचा चेहरा उजळला. "वाह! शाबाश!" ते म्हणाले, आणि मागे वळून विचारले, "बडे बाबू, यह लड़का कौन है? बुनकरों का है?"

बडे बाबूंनी माझ्याकडे पाहिले, माझ्या राखी स्वेटरकडे पाहिले, आणि आकाशाकडे पाहिले.

"जी," ते म्हणाले. "उन्हीं का है."

"अच्छा खेलता है. लाओ, फिर देखते हैं."

मी चेंडू हातात घेऊन उभा होतो. आता तो कोणाला द्यायचा? आमच्यापैकी कोणालाही दिला असता तर त्याने साहेबांना दिला असता. साहेब पुन्हा आले असते, आणि मला पुन्हा इतक्या अचूकपणे चुकीच्या बाजूला उडी घेता आली असती, याची खात्री नव्हती. माझे तोंड उघडलेले मला कळले ते आवाज ऐकू आल्यावर.

"साहब," मी म्हणालो, "यह गोल अपना है."

"अपना?"

"जी. मध्यंतर झालं. बाजू बदलली." घाबरून मी मराठीवर आलो होतो.

"लेकिन सूरज तो मेरी पीठ पर है!" साहेब म्हणाले. मग ते हळूहळू, स्वतःलाच सांगितल्यासारखे म्हणाले, "दरबार की टीम में हम बाजू नहीं बदलते थे. सूरज हमेशा सामनेवाले की आँख में रहता था."

ते वळले, डोळ्यांवर हात धरून त्यांनी पश्चिमेकडचा तो दूरचा गोल पाहिला, आणि त्याच्याकडे चालू लागले. दोन पावले मागे बडे बाबू निघाले. त्यांच्या मागे लेखापाल आणि निरीक्षक, खांद्याला खांदा लावून, कारण कोणीही मागे राहायला तयार नव्हता. मग ज्येष्ठतेच्या क्रमाने बाकीचे. फुलबॅकसुद्धा गेला. मी चेंडू खाली ठेवून त्या मिरवणुकीकडे पाहत राहिलो, तोच विणकरांचा म्होरक्या माझ्याजवळ आला.

"भाऊ, चालू करायचं का?"

"करा," मी म्हणालो.

त्याने चेंडू उचलून ठेवल्यासारखा माझ्या शेजारून गोलात टाकला. केळीचे दोन्ही घड त्यांच्याकडे गेले.

सोमवारी सकाळीच बोलावणे आले. बडे बाबू दाराशी म्हणाले, "गेलास तू. भात शिकून घे."

साहेबांनी मला बसायला सांगितले. मी उभाच राहिलो. बसायचे ठाऊक नव्हते.

"परसों पूरा मैदान देख रहा था," ते म्हणाले, "और मुझे बताया एक आदमी ने. आज पूछ रहा हूँ तो सब कहते हैं, हमारा ध्यान नहीं था." ते किंचित हसले. "मेरी तरक्की हुई है. रीवा जा रहा हूँ. एक आदमी साथ ले जा सकता हूँ. आपको ले जाऊँगा."

बस्तर टळले होते आणि रीवा आले होते. मी "जी" म्हणालो आणि बाहेर आलो.

दुपारी घरी जाऊन आईला सांगितले. ती डाळ निवडत होती, खडे बोटांनी चाचपून.

"तोच का साहेब, ज्याला तू अडवलं?"

"तोच."

"एकदा अडवलं ना? मग अजून एकदा अडव. त्यात काय."

मी त्या दिवशी कचेरीत परत गेलो ते रस्ताभर एकच वाक्य घोकत. साहेबांपुढे ते निम्मेच बाहेर आले. "साहब, मैं नहीं आ सकता. घर में माँ है, उसकी आँखें..." यापुढचे वाक्य फार चांगले बांधलेले होते, पण ते आजतागायत कोणी ऐकलेले नाही.

साहेब माझ्याकडे पाहत राहिले. "फिर रोक दिया," ते म्हणाले. रागावलेले नव्हते, पण आनंदही झाला नव्हता. "तो फिर कौन चलेगा मेरे साथ?"

प्रश्न मला नव्हता, भिंतीला होता. परंतु दारात बडे बाबू उभे होते, हातात सहीचे कागद घेऊन, आणि साहेबांच्या आवाजातले प्रश्नचिन्ह कानावर पडताच ते सवयीने म्हणाले, "जी."

साहेबांचा चेहरा उजळला. "आप चलेंगे?"

बडे बाबूंनी त्याच वर्षी सिंधीपुऱ्याकडे घर बांधायला काढले होते. पाया भरून झाला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग साहेबांकडे पाहिले. एवढ्या वर्षांत 'जी'नंतर दुसरा शब्द उच्चारण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला नव्हता, आणि तो आता ऐन वेळी सुचला नाही.

ते गेले तशी कचेरीत वरची एक जागा मोकळी झाली, सगळे एकेक पायरी वर सरकले, आणि बस्तरला पाठवण्यापुरता माणूस उरला नाही. मी बऱ्हाणपुरातच राहिलो. आईची दृष्टी पुढे बरीच वर्षे तशीच होती, आणि कमी दिसते हे तिने कधीच मान्य केले नाही.

स्टेशनवर आम्ही सगळे पोहोचवायला गेलो होतो. साहेब वरच्या वर्गात चढले; बडे बाबू मागच्या डब्यात, खिडकीशी. गाडी हलायच्या आधी त्यांनी मला बोटाने जवळ बोलावले.

"तुला सगळं शिकवलं मी," ते म्हणाले. "एवढंच शिकवायचं राहिलं, की कुठं बोलायचं नसतं."

मला त्यांना पुष्कळ सांगायचे होते. घराकडे लक्ष ठेवीन, गवंड्याला विचारीत जाईन, तुम्ही परत या. गाडीने शिट्टी दिली.

"जी," मी म्हणालो.