कर्णिकबाईंचे अनुमान

कर्णिकबाईंना नुसतं उत्तर चालत नसे. "कशावरून? बोट ठेव," म्हणायच्या. उताऱ्यातल्या शब्दावर बोट ठेवता आलं नाही, की उत्तर बाद.

निजामपुऱ्यात त्यांच्या पुढच्या खोलीत आम्ही सातजणी परदेशातल्या नोकरीसाठी लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करायचो. सगळ्या नर्स. मी दोनदा आपटले होते, तेही अनुमानाच्या प्रश्नांवर. उताऱ्यात थेट न सांगितलेली गोष्ट ओळखायची, की माझी गाडी भलतीकडेच धावे.

पहिल्या दिवशीचा उतारा होता, स्टेशनवर बसलेल्या म्हाताऱ्याचा. तो तीन गाड्या सोडतो आणि चौथीतून एक मुलगी उतरताच हसत उठतो. मी छातीठोकपणे सांगितलं, "रुसून गेलेली लेक परत आली."

बाई चष्म्यावरून बघत राहिल्या. "रुसली कधी गं? तो तिची वाट बघत होता, एवढंच कळतं. बाकीचा सिनेमा तुझा!"

वर्ग खो खो हसला. मीसुद्धा. "दिलंय तेवढंच घ्या, पण दिलेलं सोडू नका," हे त्यांचं पालुपद तेव्हापासून माझ्या वहीच्या पहिल्या पानावर होतं.

एके दिवशी वर्ग सुटताना माझी आई शहराच्या दुसऱ्या टोकाला, मांजलपूरच्या आमच्या घरून रिक्षा करून थेट बाईंच्या दारात आली. "बाई, रोज एक छोकरा हिला स्कूटरवर इथे सोडतो. शेजारच्या बेननी पाहिलंय. उद्यापासून क्लास बंद!"

तो म्हणजे हितेश, आमच्या दवाखान्यातल्या लॅबमधला गुजराती मुलगा.

बाईंनी आईला बसवलं, पाणी दिलं. "स्कूटरचं मला ठाऊक नाही. ही वेळेवर येते आणि मन लावून शिकते, हे मी डोळ्यांनी बघते. यंदा ती पास होईल. क्लास तेवढा तोडू नका."

आई चपला घालायला बाहेर गेली, तशी बाई माझ्या कानाशी आल्या. "आहे ना काहीतरी?"

मी मान डोलावली.

"मग आजच सांग तिला. परीक्षेत अंदाज लावायचा असतो, आईला लावायला लावू नये."

त्या संध्याकाळी मी सगळं सांगून टाकलं. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "तुझा तो हितेश तिखट खातो का?"

तिसऱ्या खेपेला मी पास झाले. लग्नानंतर आम्ही दोघं परदेशी निघालो, तेव्हा बाईंच्या पाया पडायला गेलो. निरोप घेताना हितेश त्याच्या गुजरातीत "आवजो, बाई," म्हणाला. मायेचा शब्द बाईंच्या तोंडून कधी निघत नसे, म्हणून मीही अपेक्षा ठेवली नव्हती. त्यांनी दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला.

"तुझ्यावाचून मला करमणार नाही गं. स्पष्टच सांगते."